घाम थांबवणारी पूड 'इम्युनिटी'ची कशी झाली?

चिनी औषधांच्या दुकानात 'यू-पिंग-फंग' नावाचे दाणे पाकिटात मिळतात. गरम पाण्यात ढवळायचे आणि प्यायचे. यू म्हणजे जेड, पिंग म्हणजे दारासमोर ठेवतात तो आडोशाचा पडदा, फंग म्हणजे वारा. वाऱ्याला अडवणारा जेडचा पडदा! आत फक्त तीन वनस्पती आहेत. हुआंग-छी ही आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातली एक मुळी, बाय-चू हा सूर्यफुलाच्या कुळातला कंद आणि फांग-फंग ही ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली मुळी. सतत सर्दी होते का, मग हे घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल, असं आज या दाण्यांबद्दल सांगितलं जातं.

आता गंमत बघा. हे औषध ज्या ग्रंथामुळे नावारूपाला आलं तो 'दान-शी शिन-फा', म्हणजे चू दान-शी या चौदाव्या शतकातल्या वैद्याच्या शिकवणीचं १४८१ सालचं संकलन. त्यात ही पूड कुठल्या प्रकरणात आहे? सर्दीच्या नाही, साथीच्या रोगांच्या तर नाहीच नाही. ती आहे 'आपोआप येणारा घाम' या प्रकरणात. काही श्रम न करता, उकडत नसताना ज्याला दरदरून घाम येतो, त्याच्यासाठी हे औषध.

घामाचं औषध प्रतिकारशक्तीचं कसं झालं, हा मला या लेखात सोडवायचा प्रश्न आहे. वरवर पाहता हा इतिहासाच्या अभ्यासकांचा छंद वाटेल. पण घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, किंवा कुणाला ल्युपस किंवा संधिवात असेल, तर 'इम्युनिटी वाढवणारं' हा शब्द किती महाग पडू शकतो हे शेवटाकडे तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात करू छीपासून. 'हुआंग-दी नेइ-चिंग' हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आला. त्यात शरीरात फिरणाऱ्या दोन छी सांगितल्या आहेत. एक यिंग-छी, दुसरी वेइ-छी. यिंग म्हणजे लष्कराची छावणी, वेइ म्हणजे पहारा. जर्मन अभ्यासक पॉल उन्शुल्ड यांनी या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करताना हे लष्करी अर्थ तसेच ठेवले आहेत, आणि मला ते बरोबर वाटतं. ज्या काळात हे लिहिलं गेलं, त्याच्या आधीची काही शतकं चीनमधली राज्यं एकमेकांशी लढत होती. शरीराचं चित्रही मग किल्ल्यासारखंच उभं राहिलं.

वेइ-छी रक्तवाहिन्यांच्या बाहेरून, कातडीच्या आणि मांसाच्या मधून फिरते. दिवसा पंचवीस फेऱ्या बाहेरच्या बाजूने, रात्री पंचवीस फेऱ्या आतल्या अवयवांतून. तिचं काम अंग ऊबदार ठेवणं आणि कातडीवरची रंध्रं उघडणं-मिटणं. ती दुबळी झाली की रंध्रं सैल पडतात. मग दोन गोष्टी होतात: आतला घाम बाहेर पडतो आणि बाहेरचा वारा आत शिरतो. दार एकच, ये-जा दोन्ही बाजूंनी. म्हणून घामाचं औषध तेच वाऱ्याचं औषध, आणि म्हणून पडदा. चू दान-शीच्या संकलनातलं ते प्रकरण आता तितकंसं विचित्र वाटणार नाही.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. 'घामेजल्या अंगावर वारं घेऊ नकोस' हे वाक्य ऐकल्याशिवाय महाराष्ट्रात कुणाचं बालपण सरत नाही.

पण वेइ-छी म्हणजे प्रतिकारशक्ती का? इथे मी थोडी अडते. आज ज्याला आपण रोगप्रतिकार संस्था म्हणतो, तिचे दोन गुण तिच्या केंद्रस्थानी आहेत. ती नेमकेपणाने ओळखते, म्हणजे गोवराचा विषाणू वेगळा आणि गालगुंडाचा वेगळा. आणि ती लक्षात ठेवते. वेइ-छीला यातलं काहीच नाही. तिला वारा, थंडी आणि दमटपणा कळतो, गोवर कळत नाही. कालचा शत्रू आज पुन्हा आला तर तिला तो ओळखीचा वाटत नाही. ती पहारेकरी आहे, पण तिच्याकडे नोंदवही नाही.

कोविडच्या काळात चिनी वैद्यकावरच्या लेखांतून 'नेइ-चिंग'मधलं एक वचन सारखं वाचायला मिळायचं. आतलं सरळ, निरोगी बळ शाबूत असेल तर बाहेरचं अरिष्ट काही करू शकत नाही, असा त्याचा आशय. ते दोन हजार वर्षं जुनं म्हणून सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते ग्रंथाच्या बहात्तराव्या प्रकरणात आहे, आणि आठव्या शतकात वांग बिंगने ग्रंथाची सिद्ध प्रत तयार केली तेव्हा बहात्तरावं आणि त्र्याहत्तरावं ही दोन प्रकरणं हरवलेलीच होती. ती 'सापडली' सुंग राजवटीच्या काळात. अभ्यासक ती नंतरची भर मानतात. वचन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नावावर लावलेलं वय उसनं आहे.

आता १२३२ सालात जाऊ या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुःखद आणि सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग तिथे आहे.

खाइफंग ही चिन राजवटीची राजधानी होती. मंगोल सैन्याने तिला वेढा घातला. आजूबाजूचे लोक जीव वाचवायला तटबंदीच्या आत आले, शहर फुगलं, धान्य संपत आलं. वेढा काही काळ सैल झाला आणि मग शहरात रोग पसरला. राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की पन्नास दिवसांत नऊ लाखांहून अधिक प्रेतं दरवाजांतून बाहेर नेली, आणि ज्यांना पुरायला पैसे नव्हते ते यात धरलेले नाहीत. आकडा फुगवलेला असू शकतो. पण त्या शहरात तेव्हा एक वैद्य होता, ली गाव, आणि त्याने जे लिहून ठेवलंय ते फार वेगळं नाही. शहराला बारा दरवाजे, प्रत्येकातून रोज हजार ते दोन हजार प्रेतं, आणि हे जवळजवळ तीन महिने.

ली गाव नुसता मोजत बसला नाही. शहरातले इतर वैद्य काय करत होते ते त्याने पाहिलं. ताप दिसला की ते तो बाहेरून आलेल्या थंडीचा ताप समजत आणि घाम आणणारी, जुलाब करणारी औषधं देत. शत्रू आत शिरलाय, हाकला त्याला. माणसं त्यानं आणखी लवकर मरत होती. ली गाव म्हणाला, या लोकांना महिनोन् महिने पोटभर अन्न नाही, झोप नाही, भीतीने आणि श्रमाने त्यांची शरीरं पोखरली आहेत. हा ताप आतल्या झिजेचा आहे. आधीच रित्या झालेल्या माणसाला तुम्ही जुलाब देता?

या अनुभवातून त्याने १२४७ आणि १२४९ मध्ये दोन ग्रंथ पुढे आणले. एक आतली इजा आणि बाहेरची इजा यांतला फरक सांगणारा, दुसरा प्लीहा आणि जठर यांवरचा. (चिनी वैद्यकातली 'प्लीहा' म्हणजे पचनाचं केंद्र, आपण शवविच्छेदनात पाहतो तो अवयव नव्हे.) त्याचं प्रसिद्ध औषध 'बू-चुंग यी-छी थांग', मधला भाग भरून काढणारा आणि छी वाढवणारा काढा. त्यातली मुख्य मुळी कुठली? हुआंग-छी. तीच, पाकिटातली. सोबत जिनसेंग, ज्येष्ठमध, बाय-चू, संत्र्याची वाळलेली साल वगैरे.

खाइफंगमधला आजार नेमका कोणता यावर आजही वाद आहे, प्लेग असेल असंही काहींचं मत आहे. प्लेग असेल तर हुआंग-छीने कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण ली गावचं निरीक्षण मला थक्क करतं. उपासमार झालेल्या शरीराची संसर्गाशी लढण्याची ताकद ढासळते, हे आज प्रतिकारशास्त्राचं ठाम विधान आहे. प्रथिनं आणि ऊर्जा कमी पडली की थायमस ग्रंथी आक्रसते, टी पेशी कमी होतात, साधा गोवरही जीव घेतो. प्रतिकारशक्ती 'वाढवण्याचा' सर्वांत भक्कम, निर्विवाद उपाय म्हणजे उपाशी माणसाला जेवायला घालणं. ली गावला टी पेशी ठाऊक नव्हत्या. त्याला उपाशी माणूस दिसत होता.

आणि इथेच पुढच्या घोळाची मुळं आहेत. ली गावचं औषध झिजलेल्या माणसासाठी होतं. आज त्याच मुळीची पावडर तीन वेळा जेवणाऱ्या, वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्या माणसाला विकली जाते.

चारशे वर्षं पुढे येऊ. १६४१ मध्ये मिंग राजवट शेवटच्या घटका मोजत असताना शानदोंगपासून चच्यांगपर्यंत साथ पसरली. दक्षिणेतला वैद्य वू यौ-शिंग याने पुढच्याच वर्षी 'वन-यी लुन' हा साथीच्या तापावरचा ग्रंथ लिहिला. हवामान बिघडल्यामुळे साथ येते हे त्याला पटेना. त्याचं म्हणणं असं की साथीमागे वेगळंच काहीतरी असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, ते कातडीतून नाही तर तोंडा-नाकातून आत जातं, आणि त्याचे अनेक प्रकार असतात. पुरावा म्हणून तो प्राण्यांकडे बोट दाखवतो: गुरांना रोग झाला तर मेंढ्यांना होत नाही, कोंबड्यांना झाला तर बदकांना होत नाही. नेमकेपणा! हा विचार पुढे गेला असता तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही. पण सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली नाही आणि नंतरच्या वैद्यांनी साथीचे ताप पुन्हा हवामानाच्या चौकटीत नेऊन बसवले.

बरं, मग चिनी वैद्यकाने खरीखुरी, आजच्या अर्थाची प्रतिकारशक्ती कधी निर्माण केलीच नाही का? केली. आणि जगात फार लवकर केली. फक्त हुआंग-छीने नव्हे.

देवीचा रोग. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चीनमध्ये देवी 'पेरण्याचे' उल्लेख मिळतात. नंतरच्या एका ग्रंथात तर स्थळकाळ दिलाय: आन्हुइ प्रांतातला थाय-फिंग भाग, १५६७ ते १५७२. (अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अमइ पर्वतावरच्या कुणा सिद्धाने प्रधानाच्या मुलाला देवी पेरल्या, ही गोष्ट तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. ती अठराव्या शतकात लिहिली गेलीय. मी ती दंतकथाच समजते.) पद्धत अशी: सौम्य देवी आलेल्या मुलाच्या अंगावरच्या खपल्या जमवायच्या, थोडे दिवस साठवायच्या, कुटून पाण्यात कालवायच्या आणि कापसाच्या बोळ्याने मुलाच्या नाकपुडीत ठेवायच्या. मुलगा असेल तर डावी नाकपुडी, मुलगी असेल तर उजवी. काही जण कोरडी पूड नळीने नाकात फुंकत. १७४२ च्या शाही वैद्यकग्रंथात चार पद्धती दिल्यात आणि पाण्याची पद्धत सर्वांत चांगली ठरवलीय.

मला सगळ्यात आवडतो तो 'पिकलेल्या रोपाचा' भाग. पेरलेल्या देवीतूनच पुन्हा खपल्या घ्यायच्या, त्या दुसऱ्याला पेरायच्या, त्याच्या खपल्या तिसऱ्याला, असं अनेक पिढ्या करत गेलं की रोप 'पिकतं' आणि सौम्य होतं, असा वैद्यांचा अनुभव होता. रानातून आणलेलं, म्हणजे थेट रोग्याकडचं रोप धोक्याचं. आजच्या भाषेत ही विषाणू दुर्बळ करण्याची खटपट होती. खपल्या शरीराच्या उबेत साठवल्यामुळेही बरेचसे विषाणू मरत असणार. हे निर्धोक मात्र नव्हतं. पेरलेल्या देवीनेही माणसं मरत. नैसर्गिक देवीत मात्र त्याच्या अनेक पटींनी मरत.

राजाश्रय मिळाला तो छिंग सम्राट खांगशीमुळे. त्याचे वडील १६६१ मध्ये देवीने गेले. वारस म्हणून सहा वर्षांच्या या मुलाची निवड होण्याचं एक कारण म्हणजे त्याला देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे तो पुन्हा त्या रोगाने मरणार नव्हता. विचार करा, एका साम्राज्याचा वारस रोगप्रतिकारक स्मृतीच्या जोरावर ठरला! मोठेपणी त्याने दक्षिणेतून देवी पेरणारे वैद्य बोलावले, आपल्या मुलांना आणि मंगोल सरदारांच्या कुटुंबांना देवी पेरून घेतल्या. सुरुवातीला वयस्कर मंडळींना हे भलतंच वाटलं होतं, पण आपण हट्टाने केलं, असं त्याने पुढे मुलांना सांगितलंय. १७०० मध्ये या पद्धतीची खबर लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचली होती. म्हणूनच जोसेफ नीडम यांनी हाँगकाँगला दिलेल्या व्याख्यानात प्रतिकारशास्त्राच्या उगमाशी चीनचं नाव जोडलं.

आता कळीचा मुद्दा. ज्या वैद्यांनी देवी पेरल्या, त्यांना त्याचं कारण काय वाटत होतं? वेइ-छी बळकट होते, असं ते म्हणत नव्हते. त्यांच्या मते प्रत्येक मूल आईच्या पोटातून एक 'गर्भविष' घेऊन येतं. ते कधी ना कधी भडकणार, तेच देवी. पेरलेलं रोप त्या विषाला आपल्या सोयीच्या वेळी, बेताने बाहेर काढतं. विष गेलं की पुन्हा भडकायला काही उरत नाही, म्हणून देवी एकदाच येतात. म्हणजे पहा, चिनी वैद्यकात जिथे खरी प्रतिकारशक्ती निर्माण झाली, तिथे 'बळ वाढवण्याची' भाषा नव्हती. आणि जिथे बळ वाढवण्याची भाषा होती, तिथे स्मृती आणि नेमकेपणा नव्हता. आज विकताना मात्र एकाचा दाखला देऊन दुसरं विकतात. 'लसीकरणाचा शोध लावणाऱ्या परंपरेतलं औषध' असं म्हणत हुआंग-छीचं पाकीट पुढे करतात.

गर्भविषाची कल्पना किती चिवट होती याचं एक उदाहरण देऊन पुढे जाते. जेनरची गोस्तन देवीची लस १८०२ मध्ये मुंबईत पोचली, तिथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि भारतातलं लसीकरण सुरू झालं. १८०५ मध्ये ती मकावला पोचली. तिथे छिउ शी नावाच्या चिनी माणसाने ती स्वतःला टोचून घेतली, शिकून घेतली आणि १८१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की लस दंडावरच्या ठरावीक ॲक्युपंक्चर बिंदूंवर टोचावी, म्हणजे आतलं गर्भविष त्या वाटेने बाहेर येईल. लस इंग्लंडची, बिंदू चिनी, आणि लस घेणाऱ्या मुलांचा त्यात फायदाच झाला. सिद्धांत चुकीचा असूनही कृती बरोबर असू शकते. उलटंही होतं.

यानंतर दीड शतकाचा इतिहास मी भरभर सांगते. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला, सुमारे साठ हजार माणसं गेली. केंब्रिजला शिकलेला डॉ. वू लिएन-ते याने कापडी मुखपट्ट्या, विलगीकरण आणि प्रेतांचं दहन या मार्गाने तो आटोक्यात आणला. चिनी सरकारचा पाश्चात्त्य वैद्यकावरचा विश्वास तिथून वाढत गेला. १९२९ मध्ये जपानला शिकून आलेल्या यू येन याने पारंपरिक वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव मांडला. तो मंजूरही झाला, पण १७ मार्चला शांघायमध्ये देशभरचे वैद्य जमले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्या दिवसापासून पारंपरिक वैद्यांना एक गोष्ट कळून चुकली: टिकायचं असेल तर विज्ञानाच्या भाषेत बोलावं लागेल. १९५० च्या दशकात माओच्या सरकारने पारंपरिक वैद्यकाला सरकारी दवाखाने, महाविद्यालयं आणि पाठ्यपुस्तकं दिली. आज आपण ज्याला 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणतो, त्याची नीटस, एकसंध घडी तेव्हा बसली.

इथे जाता जाता आपल्या माणसाची आठवण. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यांची समाधी शिजियाज्वांगला आहे. ते शल्यविशारद, त्यांचा या औषधांशी संबंध नाही. पण त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. भारतात ॲक्युपंक्चर रुजण्याचा एक धागा असा त्या पथकाकडे जातो.

आता शब्दाकडे. प्रतिकारक्षमतेला चिनी भाषेत म्यान-यी म्हणतात. यी म्हणजे साथ, म्यान म्हणजे माफी, सूट. आधुनिक अर्थाने हा शब्द जपानमध्ये मेइजी काळात रूढ झाला आणि तिथून चीनमध्ये आला. इम्युनिटीचा मूळ लॅटिन शब्दही कर किंवा सरकारी सेवा माफ असण्याबद्दलचा आहे. दोन्हीकडे कल्पना 'माफी'ची. माफी एकतर असते किंवा नसते, आणि ती एका विशिष्ट कराची असते. मराठीत मात्र आपण म्हणतो रोगप्रतिकार-शक्ती. शक्ती म्हटली की ती कमी-जास्त होणार, दुधात पावडर घालून वाढणार! आपला शब्दच जाहिरातदाराला अर्धी वाट मोकळी करून देतो असं मला कधी कधी वाटतं.

वेइ-छी आणि म्यान-यी यांची गाठ पक्की बसली ती १९७० आणि ८० च्या दशकांत, कर्करोगाच्या रुग्णालयांत. केमोथेरपी आणि किरणोपचाराने रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटत. त्यांना 'फू-चंग', म्हणजे आतल्या सरळ बळाला आधार देणारी औषधं दिली जाऊ लागली. बीजिंगचे कर्करोगतज्ज्ञ सुन येन ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात गेले आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९८३ मध्ये एक शोधनिबंध छापला. कर्करुग्णांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी रॅटच्या त्वचेत टोचायच्या आणि किती सूज येते ते मोजायचं. पेशी जोमदार असतील तर सूज जास्त. हुआंग-छीच्या अर्कात ठेवलेल्या पेशींनी जास्त सूज आणली. बस्स, ली गावच्या मुळीला टी पेशींची साक्ष मिळाली. त्यानंतर हुआंग-छीच्या बहुशर्करांवर निबंधांचा पूरच आला.

हे निबंध वाचताना काय बघायचं ते सांगते, कारण इथे माझं रोजचं काम येतं. बहुतेक प्रयोगांत मॅक्रोफेज पेशी बशीत वाढवतात, त्यावर अर्क टाकतात आणि पेशी 'जाग्या' झाल्या का ते बघतात. पहिली अडचण अशी की मुळी मातीत वाढते, मातीत जिवाणू असतात, आणि त्यांच्या आवरणाचा अत्यल्प अंश, नॅनोग्रॅममध्ये मोजावा इतका, मॅक्रोफेजला खडबडून जागं करतो. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. ते काढून टाकलंय हे ज्या निबंधात दाखवलेलं नाही, तिथे जाग मुळीमुळे आली की मातीमुळे, हे सांगताच येत नाही. दुसरी अडचण: पेशींवर थेट ओतलेला अर्क आणि तोंडाने घेतलेला काढा या एक गोष्टी नव्हेत. मधे आतडं आहे, आणि एवढे मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात सहसा जात नाहीत. आणि माणसांवरच्या चाचण्या? आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीसोबत हुआंग-छीयुक्त काढे देण्यावर २००५ मध्ये कॉक्रेन आढावा झाला. निकषांत बसतील अशा चाचण्या सापडल्या चार. चारही कमी दर्जाच्या. मळमळ कमी होत असावी, काही पेशी वाढत असाव्यात, पण ठाम पुरावा नाही, असा निष्कर्ष.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. पेशी जाग्या होणं चांगलं, हे कुणी ठरवलं? संधिवातात सांधे खाणाऱ्या पेशी जाग्याच असतात. ल्युपसमध्ये मूत्रपिंडावर हल्ला करणाऱ्याही. कोविडमध्ये अनेक रुग्णांचा घात अतिजाग्या प्रतिकारानेच केला, आणि त्यांना वाचवलं डेक्सामेथासोनने, जे प्रतिकार दाबतं.

चिनी वनौषधींतली प्रतिकार संस्थेवर निश्चित परिणाम करणारी एक वनस्पती आहे, पण तिची जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. लेइ-कुंग-थंग, वीजदेवाची वेल. शेतकरी तिचा वापर किडे मारायला करत. १९७० च्या सुमारास चिनी डॉक्टरांनी ती संधिवातावर वापरून पाहिली. २००९ मध्ये अमेरिकेत १२१ संधिवाताच्या रुग्णांवर सल्फासालाझिनशी तिची तुलना झाली, तेव्हा तिचा गुण अधिक दिसला, जरी अनेक रुग्ण चाचणी अर्धवट सोडून गेले. ही वेल प्रतिकार दाबते. पुरुषांच्या वीर्यावर परिणाम करते, मात्रा चुकली तर जीवही घेते. म्हणजे आपण शोधत होतो त्याच्या बरोबर उलटं.

दुसरं उदाहरण जपानचं. इ. स. २०० च्या आसपास चांग चुंग-चिंग या वैद्याने, आपल्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातले दोन तृतीयांश लोक दहा वर्षांत रोगाने गेल्यावर, तापावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक काढा जपानमध्ये 'शो-साइको-तो' नावाने रूढ झाला. १९८०-९० च्या दशकांत तो जुनाट कावीळ असलेल्या लाखो लोकांनी घेतला, कारण तो यकृताला जपतो आणि प्रतिकार सुधारतो असं मानत. काही रुग्णांना त्याचबरोबर इंटरफेरॉनही चालू होतं. १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की या काढ्यामुळे फुप्फुसदाहाचे ८८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १० दगावले. काढा भेसळीचा नव्हता. नामांकित, दर्जा तपासलेला, डॉक्टरांनी लिहून दिलेला होता.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. २०२० मध्ये घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. त्या वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. यकृताच्या तुकड्यात दिसणारं चित्र स्वप्रतिरक्षी आजारासारखं होतं, आणि काहींना तसा आजार आधीपासून लपून असावा असं डॉक्टरांचं मत पडलं. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली: वनस्पती नक्की गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलंच नाही. हरकत रास्त आहे. पण बाजारातून आणलेली वेल नक्की कुठली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं, हे त्या हरकतीतच कबूल झालं.

तेव्हा कुणी मला विचारलं की आईची केमो चालू आहे, हुआंग-छी देऊ का, तर मी प्रतिकारशक्तीबद्दल बोलत नाही. मी विचारते, आई जेवते का? दिवसातून किती वेळा, किती? पाकिटावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा आणि कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, कारण औषधांची एकमेकांशी गाठ कुठे पडेल ते त्यांनाच तपासावं लागेल. कुणाला ल्युपस, संधिवात, सोरायसिस असेल, किंवा मूत्रपिंडाचं रोपण झालं असेल, तर त्यांनी 'इम्युनिटी' असं छापलेलं काहीही, चिनी असो की देशी, डॉक्टरांना न विचारता उघडू नये. रोपण झालेला माणूस ज्या गोळ्या रोज वेळ चुकू न देता घेतो, त्या नेमक्या हीच शक्ती कमी ठेवण्यासाठी असतात.

आणि कुणाला काही न करता दरदरून घाम येत असेल, तर आधी थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. चू दान-शीकडे ती सोय नव्हती.